बाहेर पडण्याचं फाटक

मंजुषा आली तेव्हा संतराम खुर्चीत डुलक्या घेत होता, आणि त्याची त्याला मुळीच लाज वाटत नव्हती. उभं आयुष्य एसटी हाकलेल्या माणसाने निवृत्तीनंतर दुपारी डोळे मिटले तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही, असं त्याचं ठाम मत होतं. पण दारातल्या बाईचा चेहरा पाहिला आणि त्याची झोप पळाली. रडून रडून कोरडा पडलेला चेहरा होता तो.

हिंगोलीत औषधांच्या दुकानावरच्या या एका खोलीत प्रियदर्शनी इंगोले बसत असे. पूर्वी ती विमा कंपनीसाठी अपघातांचे दावे तपासायची. आता स्वतःच्या पाटीखाली लोकांची कोडी सोडवायची. संतराम तिची जुनी मोटार चालवायचा, सोबत राहायचा आणि तिच्या डोक्यात जे आज आलं ते साधारण उद्या संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात यायचं. यावरून ती त्याला चिडवायची, पण त्याच्याशिवाय कुठे जायची नाही.

मंजुषा परभणीला दिलेली. माहेर नरसीजवळच्या खेड्यातलं. तिची आई गोजरबाई बाजाररस्त्यावर जीपखाली सापडून गेली होती. नुकतीच तेरवी झाली होती.

"अमृतरावांच्या पार्किंगचं बाहेर पडायचं फाटक हाय ना, तिथंच," मंजुषा म्हणाली. "फाटकाला लागूनच माझ्या भावाचं कापडाचं दुकान हाय. माय त्यालाच भेटायला आली होती. न सांगता. कुरडया घेऊन."

"जीपवाला?"

"हरीश नाव त्याचं. औंढ्याला भाविक नेतो-आणतो. सगळे म्हणतात त्यानं बेफाम गाडी काढली. उद्या माझा जबाब हाय ठाण्यात. मी म्हणलं की त्याचीच चूक, तर तो आत जाईल."

"मग अडचण काय?"

मंजुषाने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग तिने सांगितलं, की हरीश पळून गेला नव्हता. त्यानेच आईला उचलून जीपमध्ये घातलं, दवाखान्यात आणलं आणि ती गेल्यावर भिंतीशी बसून लहान लेकरासारखा रडला. पळाला असता तर तिने त्याला खुशाल शिव्या दिल्या असत्या.

"आन दुसरं," ती म्हणाली. "माय फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरायचीच न्हाई. गाड्यांचं लई भ्या होतं तिला. पोलीस म्हणतात ती रस्त्यावर होती. काहून उतरली? मला एवढंच सांगा. मग मी काय तो जबाब देईन."

दवाखान्याने परत दिलेली पिशवी तिने टेबलावर ठेवली. लुगडं, कुरडयांचा चुरा, चपला. प्रियदर्शनीने चपला उचलल्या, उलट्या करून तळवे पाहिले. डांबराचा काळा माग आणि धूळ. बाकी काही नाही. तिने त्या जपून परत ठेवल्या. संतरामला वाटलं, चपलेत काय बघायचंय.

हरीश घराच्या ओट्यावर बसला होता. जामिनावर सुटला होता, पण सुटल्यासारखा दिसत नव्हता. परवाना जप्त, जीप ठाण्याच्या आवारात. गल्लीतली माणसं त्याच्या ओट्यावरून जाताना बोलणं थांबवत होती. संतरामचं काळीज हललं. प्रत्येक ड्रायव्हर आयुष्यभर ज्या दिवसाला भितो, तो दिवस या पोराच्या वाट्याला आला होता.

"मी थांबलो होतो बाई," हरीश म्हणाला. "फाटकात थांबलो. समोरच्या खांबावर गोल आरसा हाय, त्यात डावीकडचा फूटपाथ दिसतो. मोकळा होता. उजवीकडून येणाऱ्या गाड्या बघितल्या आन डावीकडं वळवली. तवा आवाज आला." त्याने कपाळ चोळलं. "आता वाटतं, मी आरशात बघितलंच नसंल. माणूस मोकळ्या जागेतून येतं का कुठं?"

"फाटकावर शिट्टी वाजवायला माणूस असतो ना?"

नरसिंग असतो, पण त्या वेळी नव्हता, असं हरीशने सांगितलं. आवाज ऐकून तो पळत आला. दोघांनी मिळून गोजरबाईला जीपमध्ये घातलं. डोक्याला हरीशने स्वतःचा गमछा बांधला आणि नरसिंगने दवाखान्यापर्यंत तो दाबून धरला. गोजरबाईंचा मुलगा शिवप्रसाद मागून आला. बऱ्याच वेळाने आला.

"दुकान बंद करून आला असंल," संतराम म्हणाला.

"असंल. मी त्याचे पाय धरायला गेलो, त्यानं मला दूर ढकललं. माझ्या सदऱ्यावर त्याच्या हाताचे पिवळे ठसे उठले. हळदीचे."

संतरामला यात नवल वाटलं नाही. जखम झाली की पहिल्यांदा हळद दाबायची, हे इकडे लेकरालाही ठाऊक असतं. मुलाने आईच्या डोक्याला हळद लावली असणार, आणखी काय. त्याने तसं बोलूनही दाखवलं.

फाटकाशी ते पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अमृतरावांचा वाहनतळ म्हणजे पुरुषभर उंच भिंतीने वेढलेलं मोठं मैदान. बाहेर पडण्याचं फाटक पश्चिमेच्या रस्त्यावर उघडायचं. आत उभं राहून रस्त्याकडे तोंड केलं तर डाव्या हाताला लांब भिंत, भिंतीला लागून फूटपाथ, आणि फाटकापासून चार पावलांवर एक कडुनिंब, नव्या पानांनी आणि मोहराने गच्च भरलेला. उजव्या हाताला शिवप्रसादचं दुकान. बसस्थानकाकडून येणारी माणसं कडुनिंबाखालून, फाटकावरून, दुकानाकडे जायची.

आता फाटकाला साखळी होती. वर्षभर लोक ओरडत होते की इथून गाड्या बाहेर काढू नका, माणसं दिसत नाहीत. कुणी ऐकलं नव्हतं. गोजरबाई गेली आणि एका दिवसात साखळी पडली. "बाहेर जाण्याचा मार्ग" ही पाटी मात्र तशीच होती. येणारीजाणारी माणसं तिच्याखालून जाताना पाय उचलून चालत होती. संतरामला ती जागा आवडली नाही.

नरसिंग आत स्टुलावर बसला होता, शिट्टी गळ्यात अडकवून. वाजवायला काही उरलं नव्हतं, तरी काढली नव्हती.

"मी जागेवर असतो तर झालंच नसतं," त्याने आपणहूनच सांगितलं. "शिवप्रसादशेठनं चहा आणायला धाडलं होतं, थर्मास देऊन. त्याहीचा माणूस लग्नाला गेला होता गावाकडं, म्हणून तवा रोज मीच जात होतो. अकराच्या सुमाराला. शेजारधर्म हाय बाई, न्हाई कसं म्हणावं?"

"आवाज आला तेव्हा कुठे होतात?"

"परत येऊन राहिलो होतो. शेठच्या मायला वळखलं आन आधी दुकानाशीच गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून हाक मारली, शेठ तुमची माय, तवा ते बाहेर निघाले. एकदम पांढरेफटक. मी हरीशसंगं जीपमधी बसलो."

प्रियदर्शनी कडुनिंबाखाली गेली आणि खाली बसली. फूटपाथच्या फरश्यांच्या फटींत पिवळी धूळ बसली होती. झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात तिला हळकुंडाचा एक तुकडा सापडला. तिने तो मोडला. कट्टकन आवाज झाला. आतून तो गर्द केशरी होता, बाहेरून गुळगुळीत.

"इथे हळद होती?"

"व्हय, वाळू घातली होती कुणी. तीनचार रोज. सकाळी मी यायच्या आधीच पसरलेली असायची, पार फूटपाथभर, फाटकापर्यंत. त्या दिवशी बी होती. संध्याकाळी परत आलो तर न्हाई."

"कुणाची?"

नरसिंगला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "हंगामात कुणाची हळद कुठं वाळती हे कोण इचारतं? सगळा हिंगोली जिल्हाच पिवळा असतो. पर एक सांगतो, लोकाहीला काही राहिलं न्हाई आता. कचेरीतली माणसं बूट घालून तुडवत जायची सरळ. हळद हाय, लक्ष्मी हाय, काही न्हाई. मला लई वाईट वाटायचं. मी बी एकदा घाईत गेलो तिच्यावरून, बूट अजून पिवळे हायेत बघा."

खरंच पिवळे होते. संतरामने मान हलवली. त्याच्या आईने त्याला लहानपणी धान्याला पाय लागला म्हणून फटका दिला होता, तो त्याला आठवला. प्रियदर्शनी मात्र वर झाडाकडे आणि मग भिंतीकडे बघत राहिली.

अमृतराव मैदानाच्या टोकाला त्यांच्या खोलीत होते. भारदस्त माणूस, आवाजही तसाच. आपण आरसा लावला, शिट्टीवाला ठेवला, याहून जास्त कोण काय करतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. फाटकासमोर गाड्यांचा वेग कमी करणारा उंचवटा का नाही, भिंतीचा कोपरा का छाटला नाही, या प्रश्नांवर त्यांनी पानाचा डबा उघडला.

मैदानाच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली हळदीची पोती रचलेली संतरामने पाहिली आणि त्याने प्रियदर्शनीला कोपराने ढोसलं. तिने विचारलं. व्यापाऱ्यांचा माल आहे, जागा भाड्याने दिली आहे, पोती शिवलेली आली आणि शिवलेलीच जातील, असं अमृतराव म्हणाले. ताडपत्रीच्या दोऱ्यांवर धुळीचा जाड थर होता.

"वाईट झालं," अमृतराव शेवटी म्हणाले, आणि ते खरं वाटलं. "शिवप्रसाद वर्षभर माझ्याशी भांडत होता या फाटकावरून. गाड्यांच्या तोंडाशी बाया उभ्या राहत नाहीत, गिऱ्हाईक तुटलं म्हणायचा. अर्ज झाले, उपोषण झालं. चारचौघांत मला म्हणाला होता, माणूस मेल्याशिवाय तुमचे डोळे उघडणार नाहीत. आणि त्याचीच आई जावी? मला त्याच्यापुढे तोंड दाखवता येत नाही."

बाहेर आल्यावर संतरामने आपला निष्कर्ष सांगून टाकला. अमृतरावांचाच माल ओला झाला असेल, तो त्यांनी फूटपाथवर वाळवला असेल आणि आता अंग काढून घेतायत. प्रियदर्शनीने त्याच्याकडे पाहिलं.

"मामा, तुम्ही हळद वाळवलीय कधी?"

"वाळवली ना. गावी."

"झाडाखाली?"

"झाडाखाली काहून वाळवंल कुणी?" संतराम म्हणाला, पण तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं नाही.

शिवप्रसादने डोकं भादरलं होतं. दुकानात कापडाचे तागे रंगांनी ओसंडत होते आणि त्यांच्यामध्ये तो एकटा बसला होता. त्याने चहा विचारला, बहिणीची चौकशी केली. बोलताना तो हातावर हात चोळत होता. संतरामला त्याची दया आली.

त्या दिवशी दुकान नेहमीसारखं सताड उघडं होतं, असं त्याने सांगितलं. तो आत गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होता, पाठ रस्त्याकडे होती. काहीच पाहिलं नाही. आवाज झाला, धावला, पाहतो तर आई.

"हरीशला शिक्षा व्हावी असं वाटतं तुम्हाला?"

"कायदा काय ते बघंल," तो म्हणाला. इतक्या हळू की संतरामला पुढे वाकावं लागलं.

प्रियदर्शनीने शेतीची चौकशी केली. हळद होती त्यांची, निघून, उकडून, वाळून, पॉलिश होऊन आली होती. भाव वाढायची वाट बघत मागच्या खोलीत पोती ठेवली होती. बघू का, तिने विचारलं. नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. पोती भिंतीशी उभी होती. सगळी शिवलेली, एक तेवढं सुतळीने नुसतं बांधलेलं. प्रियदर्शनीने ते सोडलं, हात खोल घातला आणि मूठ बाहेर काढली. पिवळीधमक, गुळगुळीत हळकुंडं. त्यांत कडुनिंबाची वाळलेली पानं, बारीक पांढुरकी फुलं आणि एक विडीचं थोटूक.

"कीड लागू नये म्हणून घालतात पाला," संतरामने तिला समजावलं. शहरात वाढलेल्या बाईला हे कुठून माहीत असणार.

"व्हय," शिवप्रसाद म्हणाला. "पाला घातलाय."

तिने मूठ रुमालात बांधली आणि आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जबाबाची वेळ व्हायच्या आधी, तिने सगळ्यांना फाटकाशी बोलावलं. अमृतराव आले, नरसिंग आला, शिवप्रसाद दुकानातून उठून आला. हरीश सगळ्यांपासून लांब, भिंतीशी उभा राहिला. मंजुषा पदर घट्ट लपेटून आली होती. साखळी काढली होती. फाटक उघडं पाहून दोन वाटसरूंनी रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली.

प्रियदर्शनीने संतरामला अमृतरावांची मोटार फाटकाच्या तोंडाशी आणून बंद करायला सांगितली आणि स्टिअरिंगवरच बसून राहायला सांगितलं.

"मंजुषाताई, तुम्ही बसस्थानकाकडून फूटपाथवरून चालत या. मामा, आरशात बघा आणि काय दिसतं ते सांगा."

संतरामने समोरच्या खांबावरच्या आरशात पाहिलं. भिंत, फूटपाथ, आणि फूटपाथवरून येणारी मंजुषा, लहान पण स्पष्ट. "दिसतात," तो म्हणाला. कडुनिंबाखाली प्रियदर्शनीने एक जुनी चादर अंथरली होती, भिंतीपासून फूटपाथच्या कडेपर्यंत आणि पुढे फाटकापर्यंत. मंजुषा तिथे थांबली.

"चादरीवर पाय देऊ नका. वळसा घाला."

मंजुषा रस्त्यावर उतरली. आणि आरशातून नाहीशी झाली.

संतराम स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. आरशात फूटपाथ रिकामा होता, स्वच्छ, मोकळा. डावीकडे मान वळवली तर फक्त भिंत. कुठलाही शहाणा ड्रायव्हर या क्षणी गाडी काढेल, त्यानेही काढली असती. मग भिंतीच्या कडेआडून, मोटारीच्या नाकापासून हातभर अंतरावर, मंजुषाचा पदर उगवला. त्याने बंद गाडीचा ब्रेक गच्च दाबला.

"आता कळलं का, माणूस मोकळ्या जागेतून कसा येतो?" प्रियदर्शनीने हरीशला विचारलं. हरीश खाली बसला.

"हा आरसा फूटपाथपुरता लावलाय," ती पुढे म्हणाली. "फूटपाथवरचा माणूस त्यात दिसतो, खाली उतरलेला दिसत नाही. त्याला वाचवायला एकच गोष्ट, नरसिंगची शिट्टी. हे फाटक धोक्याचं आहे आणि अमृतराव, त्यातून तुम्ही सुटत नाही. पण धोक्याचं फाटक वर्षभर होतं. त्या दिवशी दोन गोष्टी एकदम घडल्या. गोजरबाई खाली उतरल्या आणि शिट्टीवाला जागेवर नव्हता.

"त्या का उतरल्या? इथे हळद पसरली होती. त्यांच्या चपलांचे तळवे मी पाहिले, हळदीचा कणही नव्हता. नरसिंग एकदाच गेला तर बूट अजून पिवळे आहेत. म्हणजे त्यांनी हळदीला पाय लावला नाही. गाड्यांना भिणारी बाई, पण हळद तुडवण्यापेक्षा तिने रस्त्यावर उतरणं पत्करलं."

मंजुषाने डोळे मिटले. "तशीच होती ती," ती म्हणाली.

"आता हळद कुणाची. हंगाम आहे म्हणून कुणीच विचारलं नाही, आणि ज्याने पसरली त्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण अकरा वाजायला आलेत, बघा, इथे अजून ऊन नाही. भिंत पूर्वेला, वर गच्च कडुनिंब. संतराममामाही म्हणाले, झाडाखाली हळद कोण वाळवेल? आणि ही वाळवायची नव्हतीच." तिने मोडलेला तुकडा पुढे केला. "ही पॉलिश झालेली आहे. हळद आधी वाळते, मग पॉलिश होते. ही वाळवण्यासाठी पसरली नव्हती. माणसांना फूटपाथवरून खाली उतरवण्यासाठी पसरली होती."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. संतरामला आता अंधुक दिसायला लागलं होतं आणि दिसू नये असं वाटत होतं.

"अमृतरावांच्या मैदानातली पोती शिवलेली आहेत, ताडपत्रीच्या दोऱ्याही कित्येक दिवसांत सुटलेल्या नाहीत. सुटं पोतं एकच आहे." तिने रुमाल उघडला. "त्यात कडुनिंबाचा पाला आहे. कीड लागू नये म्हणून पाला घालतात, कबूल. पण पाल्यासोबत मोहर आणि रस्त्यावरचं विडीचं थोटूक कुणी घालत नाही. ही हळद या झाडाखालून घाईने ओंजळींनी भरलेली आहे."

अमृतराव शिवप्रसादकडे वळले. नरसिंगने शिट्टी मुठीत धरली.

"नरसिंगला रोज त्याच वेळी चहाला कोण धाडत होतं? दुकान सताड उघडं होतं, गिऱ्हाईक होतं, असं शिवप्रसाद म्हणाले. नरसिंगने शटर अर्धं खाली पाहिलं, वाकून हाक मारली. गिऱ्हाईक आत असताना शटर कोण खाली ओढतं? आणि दवाखान्यात हात पिवळे. मामा म्हणाले, जखमेला हळद लावली असेल. पण जखमेला हरीशचा गमछा होता, तो नरसिंगने शेवटपर्यंत दाबून धरला होता, आणि शिवप्रसाद जीपमध्ये नव्हतेच. ते मागे राहिले. आई दवाखान्याच्या वाटेवर असताना ते इथे बसून हळद भरत होते."

"मला तिला मारायचं न्हवतं," शिवप्रसाद म्हणाला.

"नाही. कुणालाही मारायचं नव्हतं. कुणाचा तरी पाय मोडावा, हाड मोडावं, आणि हे फाटक बंद व्हावं. कुणाचा, ते तुम्ही ठरवलं नव्हतं."

"वर्षभर सांगून राहिलो," तो म्हणाला. आवाज कोरडा होता. "कुणी ऐकंना. म्हणलं, एखाद्याला धक्का बसला तर ऐकतील. पर लोकं हळदीवरूनच जायला लागली, बूट घालून. मला वाटलं होतं कुणी पाय लावणार न्हाई. आमच्या घरात कुणी लावत न्हाई. मायनं लावू दिलाच न्हाई कधी."

हेच त्याचं चुकलं होतं. आईने घरात शिकवलं ते सगळं गाव पाळत असेल, असं त्याने धरलं. गाव हळद तुडवत गेलं. जिने शिकवलं तीच एकटी खाली उतरली.

मंजुषा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, तू शटरच्या आत काय करून राहिला होतास?"

त्याने दुकानाच्या शटरकडे पाहिलं.

"बघत होतो. कोणी उतरतं का. शटरखालून नुसते पाय दिसत होते रस्त्यावरून जाणाऱ्यांचे. दोन पाय थांबले, खाली उतरले. जीप फाटकात आली होती. मला दिसत होतं. हाक मारली असती तर थांबले असते ते पाय."

"मग?"

"न्हाई मारली." तो पहिल्यांदा रडला. "दर दिवाळीला डोकं ठेवतो मी त्या पायांवर, मंजू. वळखले न्हाईत."

मंजुषाने हात उचलला. संतरामला वाटलं, ती त्याला मारणार. तिने पदराने स्वतःचं तोंड पुसलं आणि ती भिंतीशी बसलेल्या हरीशकडे गेली. "ऊठ भाऊ," ती म्हणाली. "जबाबाची वेळ झाली. तुझ्यावरचा आळ मी माझ्या तोंडानं काढते."

ठाण्यापर्यंत सगळे पायीच गेले. शिवप्रसाद कुणी न सांगता बरोबर चालत होता, त्याला धरावं लागलं नाही. हरीश मध्ये होता आणि अजून त्याची मान वर होत नव्हती. सुटका झाली तरी ती बाई त्याच्याच गाडीखाली गेली होती, हे संतरामला कळत होतं, आणि त्यावर त्याच्यापाशी काही औषध नव्हतं. तो मुकाट्याने पोराच्या शेजारून, रस्त्याच्या बाजूने चालत राहिला.

ठाण्यात हवालदाराने कागद पुढे ओढला. मंजुषाने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, आवाज चढवला नाही. हळद, चहा, शटर. हवालदार लिहीत होता आणि मधूनच तिच्याकडे बघत होता.

"मयत तुमच्या कोण?"

"माझी माय."

"आणि ज्याच्याविरुद्ध हे सांगताय, तो?"

मंजुषाने मागे वळून पाहिलं नाही. "सख्खा भाऊ," ती म्हणाली, आणि तिने प्यायला पाणी मागितलं.